वाळलेल्या पानातला पुरावा

आज एका पतंगाचा इतिहास बघू. लांबी जेमतेम ५ मिलिमीटर. नारिंगी-तपकिरी पंख, त्यावर पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. नाव कॅमेरारिया ओहरिडेला. याची अळी हॉर्स चेस्टनटच्या पानात शिरते आणि आतून पान पोखरते. आपल्याकडे लिंबावर, टोमॅटोवर नागअळी पडते ना, तसाच प्रकार. वर्षाला साधारण तीन पिढ्या होतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात झाडं करपल्यासारखी दिसतात.

हा पतंग १९८४मध्ये मॅसिडोनियातल्या ओहरिड सरोवराजवळ सापडला. १९८६मध्ये नवी जाती म्हणून त्याची नोंद झाली. १९८९मध्ये तो ऑस्ट्रियात दिसला, २००२मध्ये थेट लंडनमध्ये. मग प्रश्न आला, हा मुळचा कुठला? कॅमेरारिया गटातले त्याचे बाकीचे भाऊबंद युरोपात नाहीत. म्हणजे हाही बाहेरून आलेला असणार, असा तर्क होता.

गंमत अशी, की खुद्द झाडाबद्दलही असाच घोळ होता. क्लुसियस यांनी १५७६च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलहून मिळवून ते व्हिएन्नात लावलं, पुढे ते युरोपभर पसरलं. ते आशियातलं, असा समज बराच काळ होता. अथेन्समध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ थिओडोर फॉन हेल्डराइख यांनी १८७९मध्ये दाखवून दिलं, की ग्रीसच्या डोंगरांत हे झाड आपोआप, रानात वाढतं. तिथले नमुने दाबून, वाळवून संग्रहात गेले.

आता खरी गोष्ट. २०११मध्ये संशोधकांनी युरोपातले असे जुने नमुने तपासल्याचं प्रसिद्ध झालं. १८७९च्या त्या पानांत काय निघालं? पानाबरोबरच दाबल्या गेलेल्या अळ्या! त्यांचा डीएनए काढला, तर तोच पतंग. म्हणजे ‘शोध’ लागण्याच्या १०५ वर्षं आधी तो तिथे होताच. शिवाय बाल्कनमधल्या रानटी झाडांवर त्याच्या वंशरेषा भरपूर, शहरांतल्या झाडांवर मोजक्याच. मूळ घर कुठलं, ते यावरून कळतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एवढं धरून ठेवावं: पहिली नोंद म्हणजे पहिलं आगमन नव्हे. आणि हा वाद नुसता पुस्तकी नाही. हॉर्स चेस्टनट आज युरोपातल्या धोक्यातल्या वृक्षांत मोजला जातो. या किड्याचे नैसर्गिक शत्रू शोधायचे, तर कुठल्या रानात जायचं, हे त्या वाळलेल्या पानांनी सांगितलं.