मिलिंद कोण होता?

नागसेनवनात रोज शेकड्यानं पोरं येतात-जातात. मिलिंद कोण म्हणून विचारा, बरेच जण गप. म्हणून लिहितोय.

मिलिंद म्हणजे मिनँडर. ग्रीक राजा, यवन. भिक्खू नागसेनाला त्यानं प्रश्नावर प्रश्न घातले, वादात हरला, आणि हरलो म्हणून कबूलही केलं. निजामी 1948 ला संपली. 1950 ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं. त्याला पुढं नाव मिळालं ते या परक्या, हरलेल्या राजाचं. आवार नागसेनाचं. आपल्या जातीतला वीर शोधायचा मोह बाबासाहेबांना झाला नाही! रात्रपाळीत मशीनजवळ उभा असतो तेव्हाही हे डोक्यातून जात नाही.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. सवर्ण घरातला माणूस, पण 'युगयात्रा' नाटक लिहिलं ते आपल्या माणसांच्या दुःखावर. गंगाधर पानतावणेही इथंच शिकवायचे, 'अस्मितादर्श'वाले.

मराठवाडा विद्यापीठ 1958 चं, म्हणजे मिलिंदहून आठ वर्षांनी धाकटं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला, आणि गावोगाव आमची घरं पेटली. म्हणे मराठवाड्याची अस्मिता जाते! ग्रीक राजाचं नाव इतकी वर्षं खपलं, तेव्हा कुणाची अस्मिता गेली नव्हती. पोचीराम कांबळे मारले गेले. गौतम वाघमारेनं 1993 ला नांदेडात स्वतःला जाळून घेतलं. मग 14 जानेवारी 1994. मागितलं होतं नामांतर, दिला नामविस्तार. पाटीवरचा 'मराठवाडा' जागचा हलला नाही.