शाबितीचा भार आला कुठून?

चोरीचा आळ आला, तर चोरी झाली हे सरकारने शाबीत करायचं. आरोपी गप्प बसला तरी चालतं. 'तू परदेशी आहेस' असा आळ आला की मात्र कायदा बाजू बदलतो. मी परदेशी नाही, हे त्या माणसानेच शाबीत करायचं असतं. कोर्टाच्या मराठीत याला 'शाबितीचा भार' म्हणतात.

जुलै २०२५ मध्ये हा भार गुरुग्रामच्या कष्टकऱ्यांवर येऊन पडला. बेकायदा राहणाऱ्या बांगलादेशींचा शोध घ्या, संशयितांची पडताळणी ३० दिवसांत उरका, असं केंद्रीय गृहमंत्रालयाने मे महिन्यात राज्यांना कळवलं होतं. गुरुग्राम पोलिसांनी सेक्टर १० अ, सेक्टर ४०, बादशाहपूर आणि मानेसर इथल्या सामुदायिक केंद्रांना 'होल्डिंग सेंटर' केलं. कचरा गोळा करणारे, गाड्या धुणारे, घरकाम करणारे असे सुमारे अडीचशे लोक तिथे ठेवले गेले. बहुतेक बंगाली बोलणारे, पश्चिम बंगाल आणि आसाममधून आलेले. खिशात आधार होतं, मतदार ओळखपत्र होतं. तरी गावाकडच्या जिल्हा प्रशासनाकडून खात्री होऊन येईपर्यंत सुटका नव्हती. बातम्यांनुसार शेवटी दहा जण बांगलादेशी ठरले, बाकीचे सोडले गेले. तोवर सेक्टर ४९ आणि खटोला भागातल्या वस्त्यांमधून कुटुंबंच्या कुटुंबं गावी निघून गेली होती आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले होते.

शाबितीच्या भाराचा हा नियम फाळणीच्या वेळचा असेल असं वाटतं, पण तो त्याहून बराच जुना आहे. १८६४ साली कलकत्त्याच्या विधानमंडळाने परकीयांविषयीचा कायदा केला, त्यात तो आहे. परकीय कोण, तर जो राणीचा जन्मजात प्रजाजन नाही आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा मूळ रहिवासीही नाही तो. शब्दशः घेतलं तर कोल्हापूर किंवा बडोदा संस्थानची प्रजासुद्धा त्यात परकीयच. रोख मात्र बंदरांवर उतरणाऱ्या इतर युरोपीय लोकांवर होता. मुंबईत बायकांचा व्यापार करणाऱ्या युरोपीय दलालांना पुढे याच कायद्याने बाहेर काढलं जाई. अशा माणसामागे सहसा त्याच्या देशाची वकिलात असे, आपण कोण हे सांगण्याची सोय असे. शाबितीचा भार त्याला पेलण्याजोगा होता.

दुसऱ्या महायुद्धाने हा कायदा आणखी कडक केला. १९३९ मध्ये अध्यादेश निघाला, १९४० मध्ये नवा कायदा आला. अहमदनगर, देवळाली, सातारा, पुरंदर इथे जर्मन आणि इटालियन माणसांच्या छावण्या उभ्या राहिल्या. पुढे तिबेटवरच्या पुस्तकामुळे गाजलेला गिर्यारोहक हाइनरिश हॅरर अहमदनगर आणि देवळालीतूनच डेहराडूनला गेला. हिटलरच्या छळातून निसटून आलेले ज्यूही शत्रुराष्ट्राचे म्हणून धरले गेले. आपण नाझी नाही हे चौकशी समितीपुढे पटवून देईपर्यंत छळणारे आणि छळलेले एकाच कुंपणाआड होते.

युद्ध संपलं, पण कायदा कायम राहिला. २३ नोव्हेंबर १९४६ रोजी, स्वातंत्र्याला नऊ महिनेही उरले नव्हते तेव्हा, परकीय नागरिक कायदा मंजूर झाला आणि जुना नियम त्याचं कलम ९ झाला. पुरावा कायद्यात काहीही असलं तरी भार त्या माणसावरच, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. १९५७ मध्ये 'परकीय' शब्दाची व्याख्या बदलून 'जो भारताचा नागरिक नाही तो' अशी झाली. व्याख्येतून राणीची प्रजा गेली, भार होता तिथेच राहिला.

आसामपुरता १९८३ च्या कायद्याने तो उलटा केला होता. तिथे आरोप करणाऱ्याने शाबीत करायचं होतं. १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपला जन्म कुठे झाला, आईबाप कोण, हे त्या माणसालाच ठाऊक असतं, सरकारला कसं कळणार, हा त्यातला युक्तिवाद. तो पोकळ नाही. कुठल्याही सरकारला अनोळखी माणसाचं जन्मगाव शोधणं अवघडच आहे. पण ठाऊक असणं आणि कागदावर दाखवता येणं यांत फार अंतर आहे. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला स्वतःच्या जन्माबरोबर आईबापांपैकी एकाचं तरी नागरिकत्व दाखवावं लागतं. घरी बाळंत झालेली, शाळेत न गेलेली, लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बाई बापाशी नातं कुठल्या कागदाने दाखवणार? मतदार यादीत एक नाव, आधारवर दुसरं, हे तर घरोघरी आढळतं. शिवाय आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधार कायद्यातच म्हटलं आहे, आणि योगायोगाने तेही कलम ९ च. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ठाण्याच्या एका प्रकरणात आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असं सांगितलं.

याचा परिणाम महाराष्ट्रानेही पाहिला. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच असल्याचं कळल्यावर परत आणावे लागले. घर बांधणाऱ्या गवंड्याने दोन देशांच्या मधल्या शेतात उभं राहून आपण कोण हे कोणाला पटवून द्यायचं?

माझ्या मते खरा प्रश्न भाराच्या आधीचा आहे: संशय कशावरून? ११ जुलै २०२४ रोजी आसाममधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच विचारलं. कोणालाही उचलून 'शाबीत कर' म्हणता येणार नाही. आधी सरकारजवळ काही आधारभूत सामग्री हवी आणि ती त्या माणसाला दिलीही पाहिजे, असा निकाल झाला. बंगाली बोलणं ही अशी सामग्री होऊ शकत नाही. ती कोट्यवधी भारतीयांची मातृभाषा आहे. आणि संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. यात नागरिक आणि परदेशी असा भेद नाही. शत्रुराष्ट्राचा माणूस आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेला माणूस तेवढे वगळले आहेत. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मागता येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा कायदा रद्द होऊन इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. शाबितीचा भार त्यात कलम १६ म्हणून आला आहे. संशयाला आधी आधार हवा, ही अट मात्र कलमात लिहिलेली नाही. ती मिळवायला कोर्टाचा निकालच पुढे करावा लागतो.