भात, मासळी आणि विद्यापीठ

भिवंडीचे नाव निघाले की आज प्रथम यंत्रमाग आठवतात, आणि मागोमाग गावाभोवतीची गोदामे. परंतु गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात सरकारी दप्तरांत या गावच्या व्यापाराची जी नोंद झाली, तिच्यात कापडाबरोबर भात आणि सुकी मासळी यांचीही नावे आहेत. भात खाचरांतून येई, मासळी खाडीतून. या दोन जिनसांची विद्या विद्यापीठात केव्हा शिरली, आणि एकीला दुसरीहून इतका उशीर का झाला, एवढाच प्रश्न आम्ही आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्या काळी झाडे आणि मासे यांचा अभ्यास हा बहुतांशी इतर व्यवसायांतील माणसांच्या चिकाटीवर चालत असे. हिंदुस्थानातील माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या वर्षांत फ्रान्सिस डे याने प्रसिद्ध केला. तो मूळचा लष्करातील शल्यवैद्य. मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक याने सिद्ध केला. तो मूळचा इंजिनियर. आपली कामवारी नदी उल्हासच्या ज्या खाडीला मिळते, त्याच खाडीवरील वसईच्या रेल्वेपुलाच्या उभारणीचे काम त्याने केले होते. पुढे तो पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य झाला.

त्याच कॉलेजात १८७९ साली शेतकीचा वर्ग सुरू झाला. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नुकताच ओसरला होता, आणि जमीन पिकली नाही तर माणसे मरतात व सारा बुडतो, हे सरकारला पुरते कळून चुकले होते. पुढे या वर्गातून पुण्याचे स्वतंत्र कृषिमहाविद्यालय उभे राहिले. कर्जतला १९१९ साली भाताच्या संशोधनाचे केंद्र निघाले. त्या गावचे नाव धारण करणारी भाताची वाणे आज ठाणे-रायगडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. १९७२ साली दापोलीस कोकणचे कृषिविद्यापीठ झाले.

मासळीचे काय? प्राणिशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी मासा चिरून पाही. पण मासळी कशी वाढवावी, किती धरावी व किती पाण्यात राहू द्यावी, हे शिकविणारी संस्था मुंबईत निघण्यास १९६१ साल उजाडले. ती केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९८९ साली मिळाला. रत्नागिरीचे मत्स्यमहाविद्यालय १९८१ सालचे. म्हणजे शेतकीचा पहिला वर्ग आणि मत्स्यविद्येचे हे महाविद्यालय यांत एकशेदोन वर्षांचे अंतर पडले!

याचे कारण आमच्या मते उघड आहे. जमिनीला सातबारा आहे, सारा आहे, मालक आहे. खाडीचे पाणी कोणाच्या नावावर नसते. शिवाय कोळ्याची विद्या ही विद्या आहे, असे शिकलेल्यांना वाटतच नव्हते. भरती-ओहोटीच्या वेळा, कोणत्या तिथीला बोईट वर येतो, जिताडा कोठे दबा धरतो, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे होडीत बसूनच गेले.

मात्र शेत आणि पाणी यांची ही फारकत आमच्या मुलखाला मानवणारी नाही. खारभूमीचेच उदाहरण घ्या. खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुवावयाचे, आणि ओहोटीला ते पाणी उघाडीतून बाहेर सोडावयाचे, तेव्हा कोठे भात लावता येतो. या बांधांसाठी १९४८ साली मुंबई राज्याने स्वतंत्र कायदा केला. बांधाच्या बाहेर तिवर आणि कांदळ वाढतात. त्यांची मुळे चिखल धरून ठेवतात व लाटेचा मारा सोसतात, म्हणून बांध टिकतो. त्याच मुळांच्या जाळीत कोळंबी, चिंबोऱ्या आणि माशांची पिले आसरा घेतात. तिवर तोडली की आधी मासळी जाते आणि मागून बांध जातो. येथे वनस्पतिशास्त्र कोठे संपले आणि जलसंपत्तीचे शास्त्र कोठे सुरू झाले, हे कोणी सांगावे?

तिवरांच्या नाशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आदेश दिले आणि २०१८ साली सविस्तर निकाल दिला. राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी २०१२ साली वेगळा कक्ष झाला. तथापि भरावाचा ट्रक खाडीवर येतो तेव्हा न्यायालय तेथे नसते; गावकरी असतात. मातीचा थर पडल्यावर कोणते झाड गुदमरते, रंगाचे पाणी नदीत सोडल्यावर कोणता मासा प्रथम नाहीसा होतो, हे नोंदवून दाखविणारा शिकलेला माणूस त्यांच्यात हवा.

म्हणून उपयोजित वनस्पतिशास्त्र आणि जलसंपत्तीचे व्यवस्थापन असे विषय पदवीच्या वर्गात येतात, तेव्हा आम्हांस ते केवळ नोकरीचे साधन वाटत नाहीत. भिवंडीत त्यांची प्रयोगशाळा वऱ्हाळा तलावाच्या काठी आणि कामवारीच्या पात्रात आहे. मागवाल्याच्या मुलीने तेथील पाणी बाटलीत भरून तपासावे, आणि कोळ्याच्या मुलाने आजोबांच्या तिथी वहीत उतरवून शास्त्राशी पडताळून पाहाव्यात. शंभर वर्षांचा उशीर भरून काढण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही. त्याला विलंब मात्र चालणार नाही. कारण तपासावयाची नदी आणि तिथी सांगणारा आजोबा, दोघेही फार काळ थांबणारे नाहीत.