अचूक रायफल

हिवाळा लागला कीं पाणलावा नांवाचा पक्षी उत्तरेकडून येऊन भातखाचरांच्या आणि दलदलीच्या कडेला उतरतो. रंगानें तो चिखलांत मिसळून जाणारा, अंगानें लहान, आणि उठला म्हणजे अशी नागमोडी वळणें घेत जातो कीं भल्याभल्या शिकाऱ्यांचा नेम चुकावा. इंग्रजींत या पक्ष्यास 'स्नाइप' म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतील इंग्रज अधिकारी या पाखराच्या शिकारीस जात, आणि १७७० नंतरच्या दशकांत त्यांच्या भाषेंत या शिकारीवरून एक क्रियापद रूढ झालें. पुढें आडोशास दडून शत्रूचा एकेक माणूस टिपणाऱ्या सैनिकास त्याच क्रियापदावरून 'स्नायपर' हें नांव मिळालें. आज जगांतील बहुतेक सैन्यांत हा शब्द चालतो.

शब्द शिकारींतून आला; शस्त्राचें मूळ मात्र एका कुलूप करणाऱ्याच्या घरांत सांपडतें. जर्मनींतील स्योमर्डा या गांवचा निकोलाउस ड्रायझे हा अशा कारागिराचा मुलगा. त्याच्या काळीं बंदूक तोंडानें भरीत. सैनिकानें उभें राहावें, नळींत दारू ओतावी, गोळी टाकून गजानें ठासावी, आणि तेवढा वेळ शत्रूपुढें उघडें पडावें, असा तो प्रकार होता. ड्रायझेनें नळीची मागची बाजू उघडी केली आणि ती बंद करण्यासाठीं सरकता पोलादी दांडा बसविला. दाराची लोखंडी खिटी पुढें सारून खालीं वळविली म्हणजे दार आंतून पक्कें लागतें, त्यांतलीच ही योजना. मराठी घरांतून त्या खिटीसही 'बोल्ट'च म्हणतात. दांड्यांतील एक लांब सुई कागदी काडतुसांत घुसून दारू पेटवी. प्रशियानें १८४१ सालीं ही बंदूक स्वीकारली. ३ जुलै १८६६ रोजीं क्योनिग्ग्रेट्झच्या लढाईंत तिचा प्रताप दिसला. ऑस्ट्रियाचे शिपाई उभ्यानें बंदुका ठासत होते, तर प्रशियाचे शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या गोळीमागून गोळी झाडीत होते.

या बंदुकींत दोष होताच. सांध्यांतून जळती हवा मागें फुटे, आणि सुई लवकर झिजे किंवा मोडे. नेकार नदीकांठच्या ओबर्नडॉर्फ येथील पाउल माउझर आणि त्याचा बंधु विल्हेल्म यांनीं धातूच्या काडतुसाचा उपयोग करून १८७१ सालीं नवें शस्त्र पुढें आणलें. विल्हेल्मच्या मृत्यूनंतर पाउलनें तीच कल्पना घांसून पुसून १८९८ च्या रायफलींत पूर्णत्वास नेली. तिच्या बोल्टच्या पुढच्या टोकास समोरासमोर दोन भक्कम कान आहेत. मूठ चतुर्थांश वळविली म्हणजे हे कान नळीच्या मागील खांचांत अडकतात आणि स्फोटाचा सारा धक्का काडतुसाच्या अगदीं पाठीशींच झेलला जातो. तिसरा कान मागें राखून ठेवला आहे. पुढचे दोन मोडलेच तर त्यानें शिपायाचें तोंड वाचवावें. त्यानंतर जगांत झालेल्या बहुतेक बोल्ट-रायफली या ना त्या रीतीनें या रचनेच्या ऋणी आहेत.

पुढें आपोआप भरणाऱ्या बंदुका आल्या, मिनिटास शेंकडों गोळ्या ओकणारीं यंत्रेंही आलीं. तरी दूरचा नेम धरणाऱ्यानें हातानें ओढायचा बोल्ट सोडला नाहीं. याचें कारण स्थैर्यांत आहे. स्वयंचलित बंदुकींत बहुधा गोळी नळींत असतांनाच वायूचा कांहीं अंश दांडे आणि कमानी हलवूं लागतो. बोल्ट-रायफलींत घोडा ओढल्यावर एक आघाताची सुई तेवढी हलते. बाकी सारें जागच्या जागीं थांबलेलें असतें. गेल्या शतकांत या रायफलींत जी जी सुधारणा झाली, ती नव्या गतीची नसून नको असलेली एकेक हालचाल काढून टाकण्याची आहे.

पहिल्या महायुद्धांत या शस्त्राचें खरें रूप प्रगट झालें. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्यें दोन्ही सैन्यें खंदकांत रुतून बसलीं. जर्मनींत दुर्बिणींचा धंदा भरभराटींत होता, आणि दुर्बीण बसविलेल्या रायफली जर्मन सैनिकांच्या हातीं आधीं आल्या. इंग्रज खंदकांत क्षणभर डोकें वर काढणें जिवावर बेतूं लागलें. हेस्केथ-प्रिचर्ड हा इंग्रज अधिकारी मूळचा प्रवासी, शिकारी आणि हॅम्पशायरचा क्रिकेटपटू. त्यानें या प्रश्नाचा अभ्यास केला. कागदाच्या लगद्याचें रंगविलेलें मुंडकें काठीवर बसवून खंदकावर उचलावयाचें. त्यावर गोळी बसली कीं तिनें पाडलेल्या दोन छिद्रांच्या रेषेंत पाहून ती कोठून आली तें ठरवावयाचें, अशी त्याची युक्ति होती. १९१६ सालीं त्यानें लिंगेम येथें शाळा काढली. तेथें नेमबाजी हा विद्येचा निम्माच भाग मानीत. उरलेला निम्मा म्हणजे पाहणें. युद्ध संपलें, आणि या शाळाही संपल्या. दडून मारण्याच्या विद्येविषयीं सैन्यांतही पुष्कळांच्या मनांत अढी होती.

दुसरें महायुद्ध आलें तेव्हां तीच विद्या पुन्हां शोधावी लागली. भारतांत 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेली ली-एनफील्ड रायफल त्या कामीं निवडण्यांत आली. कारखान्यांत चांचणींत नेमक्या ठरलेल्या चौथ्या नमुन्याच्या रायफली बाजूस काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुकांच्या कारागिरांकडे पाठवीत. तेथें त्यांवर दुर्बीण बसे आणि दस्त्यावर गाल टेकण्यासाठीं लांकडाचा तुकडा चढे. अशा सुमारें २६,००० रायफली त्या पेढीनें तयार केल्या. त्यांतल्याच कांहींचें रूप पालटून ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठीं ब्रिटिश सैन्यानें १९७० च्या सुमारास नवा नमुना केला, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धांतही तोच वापरला.

पण लांकूड हें अखेर लांकूडच. पावसांत तें फुगतें, उन्हांत आकसतें, आणि नळीस किंचित् जरी रेटलें तरी दूरवर गोळी भलतीकडे जाते. या अडचणीचें उत्तर एका खेळाडूनें दिलें. माल्कम कूपर यानें १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें आणि १९८८ सालीं सोल येथें पन्नास मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. १९७८ सालीं त्यानें कांहीं सहकाऱ्यांसह 'अॅक्युरसी इंटरनॅशनल' ही छोटी पेढी काढली होती, आणि पोर्ट्समथ हें तिचें ठिकाण झालें. सैन्यानें नवी रायफल मागविली तेव्हां पार्कर-हेलसारख्या जुन्या कंपनीस मागें सारून हिची रायफल निवडली गेली आणि १९८० च्या दशकांत एल-९६ या नांवानें सेवेंत आली.

तिची रचना पाहिली तर कूपरचा विचार ध्यानांत येतो. दस्ता हाच आधार ही जुनी समजूत त्यानें मोडली. मधोमध अॅल्युमिनियमचा सांगाडा. त्यावर पोलादी यंत्र घट्ट जखडलेलें. दोन्ही अंगांस प्लॅस्टिकच्या फळ्या केवळ हातांत धरण्यापुरत्या. जाड नळी मागच्या टोकाशींच पकडलेली असून पुढें तिला कशाचाही स्पर्श नाहीं. माउझरच्या बोल्टास दोन कान होते म्हणून तो नव्वद अंश वळवावा लागे. येथें तीन आहेत, म्हणून साठ अंश पुरतात आणि नेम धरणाऱ्याची मान हलत नाहीं. पुढें स्वीडनच्या सैन्यासाठीं या घराण्यांतील रायफल उणे चाळीस अंशांच्या थंडींतही चालेल अशी करण्यांत आली.

अशा शस्त्राची अचूकता कोनाच्या कलेंत मोजतात. एक कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर तो सुमारें २९ मिलिमीटर भरतो, सहाशें मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे एका वितीहून कमी. सहाशें मीटर जाण्यास गोळीस जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यांत ती कित्येक फूट खालीं येते आणि वारा तिला बाजूस लोटतो. म्हणून यंत्र कितीही अचल केलें तरी अंतर मोजणें, गवताच्या पात्यांवरून वारा ओळखणें आणि श्वास आवरणें हीं कामें माणसाकडेच राहतात. २००९ सालीं अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतांत याच पेढीच्या मोठ्या काडतुसाच्या रायफलीनें एका ब्रिटिश सैनिकानें २,४७५ मीटरवर नेम साधला, तेव्हांही शेजारीं निरीक्षक होताच.

तोफखान्याचा गोलंदाज ज्यांना मारतो त्यांना बहुधा पाहत नाहीं. विमानांतून बाँब टाकणाराही पाहत नाहीं. रायफलीवरची दुर्बीण मात्र समोरच्या माणसाला जवळ आणते: तो विडी पेटवीत आहे, सोबत्याशीं बोलत आहे, कीं नुसता थकून बसला आहे, हें घोडा ओढण्याच्या आधीं दिसतें. लिंगेमच्या शाळेनें पाहण्याला नेमाइतकेंच महत्त्व दिलें, आणि सैनिकांच्या मनांतील जुन्या अढीचें मूळही याच पाहण्यांत होतें. ड्रायझेपासून कूपरपर्यंतच्या कारागिरांनीं नळी, दस्ता आणि बोल्ट एकामागून एक निश्चल केले. इतकें पाहिल्यावर घोड्यावरचें बोट आंवळावें कीं नाहीं, हा प्रश्न त्यांच्या हातचा नव्हता. तो त्यांनीं रायफल हातीं घेणाऱ्यापाशींच ठेवला आहे.