गोदना : कपाळावरचा लेख

मराठी ‘गोंदणे’ आणि हिंदी ‘गोदना’ ही एकाच कुळातील रूपे असून हिंदीत टोचणे हाही अर्थ शिल्लक आहे. लेकीसुनांच्या अंगावरील अलंकाराचा हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीने दंडविधानात ओढला, ही गोष्ट कोशकारांनी फारशी नोंदलेली दिसत नाही. इ. स. १७९७ पासून बंगाल प्रांतात जन्मठेपीच्या कैद्यांच्या कपाळावर अपराध व शिक्षेचा तपशील गोंदविला जाई. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. गोंदलेली कपाळे मात्र तशीच राहिली. कैदी फेटा भुवयांपर्यंत ओढीत किंवा कपाळावर केस वाढवीत. त्वचेच्या आतल्या थरातील पेशी काजळी धरून ठेवतात. त्या मेल्या की नव्या पेशी तीच उचलतात. रेषा मात्र पसरतात आणि काळा रंग निळसर दिसू लागतो. म्हणजे अक्षर आधी पुसट होते, डाग मागे उरतो. हौसेने गोंदविलेल्या नावाचा पस्तावा निदान स्वतःच्या निवडीचा असतो. येथे निवडच नव्हती. शिवाय अपराध कोणता हे वाचता येईनासे झाले, तरी अपराधी कोण हे कोणालाही, निरक्षरालासुद्धा, दिसतच राही.