धारावीचा किल्ला, पण कुठली धारावी?

‘धारावी किल्ला’ असं मोबाईलवर टाकलं, की नकाशा बऱ्याचदा मुंबईतल्या काळ्या किल्ल्यावर नेतो. तिथल्या दगडी पाटीवर 1737 साल आणि मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जॉन हॉर्न याचं नाव कोरलेलं आहे. माझी आत्या पुण्याहून आली, तेव्हा तिलाही नकाशाने तेच दाखवलं. मी म्हटलं, “आपली धारावी वेगळी. भाईंदरच्या पश्चिमेला.”

मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकून आम्ही तारोडीला पोचलो. इथे धारावी देवीचं देऊळ आहे आणि या सगळ्या टापूचं जुनं नाव धारावी बेट. देवीला नमस्कार करून पुढे चौकच्या टेकडीवर गेलो. आत्याने चौफेर पाहिलं आणि विचारलं, “अरे, पण किल्ला कुठाय?”

प्रश्न रास्त होता. जंजिरे धारावीचे आज जेमतेम अवशेष उरलेत. मी तिला पलीकडे बघायला सांगितलं. खाली खाडीचं मुख आणि समोरच्या काठावर वसई.

1737मध्ये मराठे साष्टीत उतरले आणि ठाणं पोर्तुगीजांच्या हातून गेलं. त्याच मोहिमेत धारावीसाठी झुंज सुरू झाली. समुद्रातून वसईला दारूगोळा, धान्य आणि माणसं न्यायची, तर गलबतांना या टेकडीच्या नजरेखालून खाडीत शिरावं लागे. म्हणून हे बेट दोघांनाही हवं होतं. मराठ्यांनी घेतलं, पोर्तुगीजांनी परत मिळवलं, शेवटी 1739च्या सुरुवातीला चिमाजी आप्पांच्या फौजेने ते पुन्हा जिंकलं. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. ही टेकडी वगळली, तर वसईच्या वेढ्याची गोष्ट अर्धीच राहते.

म्हणजे इथे बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट बुरूज नाही, टेकडीवरून दिसणारी वसई आहे. पर्यटकांसाठी सोयी आखताना हे आधी कळायला हवं. या जागी उंच हॉटेल किंवा मोठा मंडप उभा राहिला आणि वसई दिसेनाशी झाली, तर किल्ल्याच्या उरल्यासुरल्या दगडांना हात न लावताही किल्ला संपेल.

या पट्ट्यासाठी आराखडे झाले नाहीत असं नाही. गोराई-मनोरी-उत्तन हे पर्यटन क्षेत्र व्हावं म्हणून एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. गावांनी विरोध केला. कोळ्यांना मासळी वाळवायची जागा जाण्याची भीती होती, आगरी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांना शेताची आणि गावठाणाची. ‘पर्यटन नको’ एवढाच त्याचा अर्थ काढणं चुकीचं आहे. या गावांत पाहुणे आजही येतात. देवीला येतात, उत्तनच्या वेलंकणी माऊलीला येतात. गावाला हवं ते एवढंच, की पाहुण्याची सोय करताना घरच्याला बाहेर काढू नये.

व्हेनिसने काय केलं बघा. तिथे इतकी गर्दी झाली, की 2024मध्ये ठरावीक दिवसांपुरतं, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. तोवर बरेच रहिवासी शहर सोडून गेले होते. चौकला तेवढी गर्दी नाही, आणि म्हणूनच विचार करायची वेळ आत्ताची आहे.

मग सोयी कोणत्या? आत्याने त्या दिवशी तीनच गोष्टी विचारल्या : बाथरूम कुठे, पाणी कुठे, परतीची बस कधी. तिन्हींसाठी मला गावातल्या एका ओळखीच्या घराचं दार वाजवावं लागलं. त्या घरातल्या काकूंनी चहाही दिला. प्रत्येक पाहुण्याला अशी काकू कशी मिळणार? पण स्वच्छतागृह, पाण्याचा नळ, बसचं वेळापत्रक, वसईकडे बोट दाखवणारा मराठी फलक आणि गावातल्याच पोरापोरींना वाटाड्याचं काम, एवढं करायला टेकडी फोडावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट तर होऊनही गेली आहे. फेब्रुवारी 2024पासून भाईंदर-वसई रो-रो फेरी सुरू झाली. जी खाडी रोखण्यासाठी माणसं मेली, ती आता तिकीट काढून ओलांडता येते. मात्र काठ दोन, महापालिका दोन आणि 2014मध्ये पालघर वेगळा झाल्यापासून जिल्हेही दोन. पोलीस आयुक्तालय मात्र 2020पासून एकच! चोर पकडायला दोन्ही काठ एकत्र येतात, तर एका वेढ्याची गोष्ट सांगायला का नाही? सकाळी धारावी, दुपारी फेरी, संध्याकाळी वसईचा कोट, अशी एक दिवसाची वाट दोन्ही पालिकांनी मिळून आखावी.

परतताना आम्ही फेरीनेच वसईला गेलो. मधल्या पाण्यात आत्या मागे वळली आणि टेकडीकडे बघत म्हणाली, “आत्ता दिसला बघ किल्ला.”