साथीचे नियम आणि नियम करणारे

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता मार्गासनी ओलांडून विंझरला येतो. पुढे तोरणा आणि बाजूला राजगड. २०२० आणि २०२१ या दोन सालांत कित्येक महिने हे गड पर्यटकांना बंद होते, आणि आठवड्याच्या सुटीवर ज्यांची चूल अवलंबून, अशा येथील खानावळवाल्यांना व वाटाड्यांना घरी बसावे लागले. त्यांनी ते सोसले. जून २०२१ मध्ये पुण्याचे तत्कालीन पालकमंत्री व उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इशारा दिला की, सहलीसाठी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्यांना परतल्यावर पंधरा दिवस विलग ठेवावे लागेल. त्यानंतर लगेच, १९ जून रोजी, त्यांच्याच हस्ते पुण्यात पक्षाच्या नव्या कार्यालयाचे उद्घाटन झाले आणि तेथे कार्यकर्त्यांची एवढी झुंबड उडाली की अंतर राखण्याचा नियम कोठल्या कोठे गेला. लोक संतापले. पवारांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पोलिसांनी पक्षाच्या शहराध्यक्षांवर गुन्हा नोंदविला.

त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे मंत्री संजय राठोड यांच्यासाठी हजारोंची गर्दी जमली. मुख्यमंत्र्यांनी गर्दी टाळा म्हणून जनतेला विनविले, त्यास जेमतेम दोन दिवस झाले होते! त्याआधी एप्रिल २०२० मध्ये, संपूर्ण टाळेबंदी असताना, वाधवान कुटुंबातील मंडळी गृहखात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेली. त्या अधिकाऱ्यास सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. आपण त्या दिवसांत काय करीत होतो, हे आठवून पाहा. मशिदी बंद होत्या, तरावीह घरात पढली जात होती, मे २०२० ची ईदची नमाजही बहुतेकांनी घरच्या चार माणसांत अदा केली. जनाज्याला वीसच माणसे चालत. बापाला खांदा देता आला नाही असे मुलगे आपल्यात आहेत. अशा माणसाला ‘पत्र होते म्हणून गेले’ हे कारण कसे पटावे?

पण विद्यार्थी मित्रांनो, हा राग नवा नाही. ज्या कायद्याखाली २०२० साली महाराष्ट्रात निर्बंध घातले गेले, तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा आहे, आणि त्याचा जन्म मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने तो प्लेग ओळखला. पुण्यात वॉल्टर रँड या सनदी अधिकाऱ्याकडे प्लेग कमिटीची सूत्रे आली. १३ मार्चपासून गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. माजघर, देवघर, कशाचीच तमा राहिली नाही. रोगी इस्पितळात आणि घरची माणसे छावणीत. याच मार्च महिन्याच्या दहा तारखेला, आजाऱ्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. शहरातील कित्येक पुढारी मात्र गाव सोडून गेले होते. टिळक राहिले, त्यांनी हिंदूंसाठी इस्पितळ काढले, आणि पळालेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’तून कोरडेही ओढले.

रेल्वेवरील तपासणीत तिसऱ्या वर्गाच्या उतारूची जी दशा होई ती पहिल्या वर्गाच्या साहेबाची होत नसे. नियम एकच, पण माणूस पाहून लावायचा. माझ्या मते खरी ठिणगी येथे होती. रोगाच्या उपायांना लोक एवढे भीत नव्हते. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांचा समारंभ झाला. साथ तोवर ओसरली होती, पण लोकांच्या घरातले दुःख ओसरले नव्हते. तेथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तिघे चापेकर बंधू व त्यांचे साथी रानडे फासावर गेले. खुनाचे समर्थन करण्याचे हे स्थळ नव्हे. राग कोणत्या थराला गेला होता तेवढे ध्यानात घ्यावे.

मुंबईत आपल्याच विणकर जुलाहा बांधवांच्या मदनपुऱ्यात ९ मार्च १८९८ रोजी दंगल उसळली. प्लेगच्या पथकाला एका बारा वर्षांच्या मुलीची तपासणी करावयाची होती, आणि घरच्यांनी ती नाकारली. गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतरच सरकार नरमले आणि सक्तीची झडती ढिली पडली. हीच सबुरी आधी दाखविली असती तर?

याउलट एक उदाहरण. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली व प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरीही लोक भीत होते. तेव्हा विशीच्या आतबाहेरचे तिसरे आगाखान पुढे आले, चारचौघांत लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिन यांच्या संशोधनासाठी दिली. अनुयायांची भीती त्यामुळे कमी झाली.

इंग्लंडातही याच मापाने माप झाले. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना १९ जून २०२० रोजी स्वतःच्याच कार्यालयात झालेल्या वाढदिवसाच्या मेळाव्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला. पदावर असताना कायदा मोडल्याचा दंड भरणारे ते तेथील पहिले पंतप्रधान.

पालकांनी मुलांना आणखी एक हकीकत अवश्य सांगावी. रागाच्या भरात ऐकीव गोष्ट आणि घडलेली गोष्ट यांची सरमिसळ होते. हातातल्या फोनवर तर ती क्षणात होते. जुने छायाचित्र नव्या तारखेने फिरते. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथील वर्तमानपत्रातून केला. परत आल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यातील पुष्कळांना ती कमकुवतपणाची वाटली आणि त्यांची मोठी निंदा झाली. पुढे १९०५ साली काशीच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्याच गोखल्यांकडे आले.